पुढच्या चाकांवरचं काळं

हल्ली एक फवारा मिळतो. माझा मुलगा महिन्यातून एखाद्या रविवारी तो आमच्या गाडीच्या चाकांवर मारतो आणि खिशात हात घालून उभा राहतो. थोड्या वेळाने चाकांवरून जांभळं पाणी उतरायला लागतं आणि ब्रेकची भाजून चिकटलेली धूळ त्याच्यासोबत आपोआप खाली येते. घासणं नाही, गुडघे टेकणं नाही. "ममा, देखो, जादू," असं तो म्हणतो, कारण मराठी त्याला सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की जीभ हिंदीकडे वळते. मी हो म्हणते आणि काहीतरी निमित्त काढून आत येते. मला ते पाणी बघवत नाही. त्याचं कारण मी त्याला कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. पुढेमागे कुणाकडून तरी वाचून घेईल.

आम्ही चंडीगढला होतो ते बाबांच्या नोकरीमुळे. बाबा तिथल्या एका वैद्यकीय संस्थेत शरीररचना शिकवायचे. म्हणजे होते डॉक्टर, पण औषध देणारे नव्हते. पोरांना प्रेतं फाडायला शिकवणारे होते. अमरावतीचे आमचे काका त्यांना "मेलेल्यांचा डॉक्टर" म्हणायचे, आणि बाबा म्हणायचे, "माझा एकही पेशंट आजवर दगावला नाही." हा विनोद दर उन्हाळ्यात व्हायचा आणि दर उन्हाळ्यात सगळे हसायचे. आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं, पुढे विटांचं छोटं अंगण आणि लोखंडी फाटक. वरच्या मजल्यावर फौजेतून निवृत्त झालेले ग्रेवाल अंकल मुलीकडे राहायचे. पहाटे लांबच्या गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन यायचं, मग ग्रेवाल अंकलचं खाकरणं, मग आईच्या भाकरीचा थपथप आवाज. ज्वारीचं पीठ आई अमरावतीहून ट्रंकेत भरून आणायची आणि ते संपत आलं की तिचा स्वभाव बदलायचा. हिवाळ्यात तिथे धुकं असं पडतं की फाटकही दिसत नाही. त्या दिवसांत ती राजमा करायची, पण त्यात काळा मसाला घालायची. ग्रेवाल अंकल वाटी पुढे करून म्हणायचे, "भाभीजी, ये राजमा तो है, पर राजमा नहीं है." आणि दुसऱ्यांदा घ्यायचे.

गाडी आली तेव्हा मी कॉलेजात होते. बाजार उघडला होता आणि गोल चौकात रोज एखादी नवीन नावाची गाडी दिसायची. बाबांचा जन्म सायकल आणि मग स्कूटर यांवर गेला होता. कपड्यांची हौस नाही, खाण्याची नाही. पण ती चंदेरी गाडी घेताना त्यांनी एकच हट्ट धरला, की चाकं अलॉयची हवीत. आईने विचारलं, "चाक ते चाक. त्यात काय पाहायचं?" बाबा म्हणाले, "तू बांगड्या पाहतेस तसं." गाडी आली त्या दिवशी ते अंगणात चाकांसमोर पाट घेऊन बसले आणि चहा तिथेच मागवला.

दर रविवारी सकाळी ते चाकं धुवायचे. बाकीची गाडी धुवायला कुणीही चालायचं, चाकांना हात लावायचा नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती. गाडी नुकती बाहेरून आली असेल तर चाक निवेपर्यंत पाणी मारायचं नाही, नाहीतर धूळ आणखी भाजून बसते. मग साबणाचं पाणी लावून थांबायचं. मग जुना दात घासायचा ब्रश, मग मऊ फडकं, आरीमागून आरी. मी शेजारी उकिडवी बसून बघायची. "ही धूळ म्हणजे काय माहीत आहे?" ते सांगायचे. "ब्रेकचे पॅड झिजतात, त्याचा भुगा. लोखंडाचाही असतो. गरम असताना उडतो आणि चाकावर बसतो तो बसतोच. जितका ब्रेक जास्त, तितकं चाक काळं." त्यांनीच मला गाडी शिकवली, उन्हाळ्यातल्या दुपारी, चंडीगढच्या त्या सरळसोट रिकाम्या रस्त्यांवर. मी ब्रेकवर पाय ठेवून चालवायला लागले की ओरडायचे, "पाय काढ! ते पायपुसणं आहे का? दाब आणि सोड." मग रविवारी मला पुढच्या चाकांशी नेऊन बोटाने काळं पुसून दाखवायचे. "हे तुझे पराक्रम." ते काळं एका घासण्यात निघून जायचं, आणि मला त्यात गंमत वाटायची.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात ती गंमत संपली. मी तेव्हा सेक्टर चौतीसमध्ये क्लासला जायची आणि गाडी फक्त बाबाच चालवायचे. तरी पुढची चाकं काळी व्हायला लागली. नुसती काळी नाही. तपकिरी, खरबरीत, शेगडीवर उतू गेलेलं दूध करपून बसावं तशी. बाबा पाटावर बसून जेवायच्या वेळेपर्यंत घासायचे. ब्रशाचे केस वाकून जायचे. एका आठवड्यात पुन्हा तेच. ते गॅरेजवाल्याकडे गेले. तो सेक्टर बावीसच्या मागच्या गल्लीतला बिट्टू, तरुण पोरगा, बाबांना फार मानायचा. त्याने पॅड बदलले. पुन्हा तेच. बाबा परत गेले आणि भर दुकानात त्याच्यावर बरसले, खराब माल घालतोस, मी साधा माणूस म्हणून फसवतोस. बिट्टू एवढंच म्हणत राहिला, "डॉक्टर साब, पैड असली हैं, माँ कसम." मी गाडीत बसून ऐकत होते. बाबांना मी कधी कुणावर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, वर्गातल्या टारगट पोरांवरसुद्धा नाही. घरी येताना ते म्हणाले, "आजकाल कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही." त्यांचे कान लाल झाले होते.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "आता तू कर. तुझे हात लहान आहेत, आत जातात." मला बढती मिळाल्यासारखं झालं. पाटावर मी बसले आणि ते खुर्ची टाकून व्हरांड्यात. तिथून विचारायचे, "किती निघालं?" मी बादली उचलून दाखवायची. पाणी शाईसारखं व्हायचं.

पण नाक होतं ना मला. क्लास सुटला की बाबा मला घ्यायला यायचे आणि त्या गाडीत एक जळका वास यायला लागला होता, इस्त्री कपड्यावर विसरल्याचा असतो तसा. गाडी जड चालायची, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. एका संध्याकाळी गोल चौकात आमच्या पुढे एक सायकलरिक्षा आली. शाळेची पोरं होती तीत, दप्तरं बाहेर लोंबत होती. मी ती केव्हाची पाहिली होती आणि बाबांनीही पाहिली होती. पण गाडी थांबली ती रिक्षाच्या मागच्या चाकाला बंपर टेकल्यावर. रिक्षा हलली, एक पोरगी किंचाळली. रिक्षावाला उतरून काचेशी आला. "देख के चलाओ, साब. बच्चे हैं." रिक्षा गेली, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, तरी आम्ही हललो नाही. मग मी पाहिलं. बाबांनी गुडघ्याजवळ पॅंटची चिमूट धरली आणि स्वतःचा उजवा पाय हाताने उचलून ब्रेकवरून बाजूला ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पॅंट अडकली होती."

लहानपणी त्यांनीच माझ्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाड लागतं तिथे टिचकी मारून दाखवलं होतं, "इथून एक नस जाते. ही गेली की पाऊल वर उचलता येत नाही. लोंबतं." दरवर्षी नव्या वर्गाला ते हेच शिकवायचे. ज्याला हे पाठ आहे त्याला स्वतःच्या पायाचं काय झालंय ते कळत नसेल, असं कसं होईल?

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती पोळ्या लाटत होती. मी रिक्षाचं सांगितलं, पायाचं सांगितलं. तिने लाटणं थांबवलं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मोजे मीच चढवून देते त्यांचे. शर्टाची बटनंही मीच लावून राहिली."

"मग गाडी काहून चालवू देतेस? आज पोरं होती त्या रिक्षात!"

"तूच सांग न मग त्यांना. गाडी चालवू नका म्हणजे काय म्हणायचं, ते तुला समजते का? उद्या ते म्हणणार, बरं. आणि खुर्चीत बसणार. मग उठणार नाही ते."

तव्यावरची पोळी जळली. आईने ती बाजूला ठेवली, स्वतःसाठी. आमच्या घरात जळकी पोळी नेहमी तिनेच खाल्ली, आणि त्या वेळी तिच्यावर मी मनातून फार चिडले होते. आज चिडत नाही. कुणाच्या तरी पोराच्या जिवाची भीती आणि नवऱ्याच्या मनाची भीती अशा दोन्ही तिच्या पदरात एकदम पडल्या होत्या. मी दुसऱ्या दिवसापासून बसने जायला लागले आणि बाबांना सांगितलं, मैत्रिणी सोबत असतात. त्यांनी ते लगेच मानलं. पण संस्थेत ते गाडीनेच जायचे, आणि रोज गाडीचा आवाज फाटकाशी येईपर्यंत आई दारात उभी असायची.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात. काकांकडे विळे, कुऱ्हाडी, ट्रॅक्टर. आमच्याकडे आईची विळी, शिलाईचं यंत्र, बाबांची चिरफाडीच्या सुऱ्यांची जुनी लाकडी पेटी, आणि आता गाडी. आई सकाळपासून पितळेची भांडी घासत होती, चिंच आणि मीठ लावून. समई अशी निघाली की तोंड दिसावं. बाबा आत झोपले होते आणि मी कचनारची पानं आणायला बाहेर पडले होते. आपटा त्या शहरात कुठे शोधायचा! पण कचनारची झाडं रस्त्यांना लागून आहेत आणि पानं आपट्याच्या पानांची थोरली बहीण शोभावीत अशी, म्हणून तिथली सगळी मराठी घरं दसऱ्याला तेच सोनं लुटायची. मी पिशवी भरून परत आले तर आई पाटावर बसलेली. उरलेली चिंच तिने पुढच्या चाकांना थापली होती आणि तारेच्या घासणीने जीव खाऊन घासत होती. "निघते बघ," ती मला म्हणाली. "पितळेचं निघते तर याचं काहून नाही निघणार? पूजेला तरी चाकं स्वच्छ पाहिजेत. त्यांना बरं वाटन."

निघालं होतं खरं. काळं निघालं होतं आणि त्याच्याबरोबर वरची चकाकीही. पाणी मारल्यावर दिसलं, दोन्ही चाकांवर पांढुरके ओरखडे, गोल गोल, घासणी जशी फिरली तसे.

बाबा दारात आले. भिंत धरत पायऱ्या उतरले आणि चाकापाशी उकिडवे बसले. त्यांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग ओरडले, "अगं हे पितळ आहे का? देवाचं भांडं आहे का हे? काय करून ठेवलंस तू!" आईच्या हातातली घासणी खाली पडली. ग्रेवालांच्या बाल्कनीतून कुणीतरी डोकावलं. बाबा लगेच खालच्या आवाजात म्हणाले, "जा तुम्ही आत. मी बघतो. ब्रश दे इकडे." आम्ही आत गेलो. आई ओट्याशी उभी राहून रडायला लागली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून बाहेरचा आवाज ऐकत राहिले. खरडखरड ब्रश चालला होता. मग थांबला. मग पुन्हा सुरू झाला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. कुकर होऊन गेला, अंगणातलं ऊन सरकलं, तरी ते चालूच. शेवटी मी खिडकीतून पाहिलं.

बाबा चाकाच्या एकाच आरीवर ब्रश फिरवत होते. ती आरी कधीच स्वच्छ झाली होती. मध्येच ते ब्रश खाली ठेवायचे, दोन्ही हात टायरवर रोवायचे आणि उठायला बघायचे. पाठ जरा वर यायची आणि खाली जायची. मग घराकडे एकदा बघायचे आणि परत घासायला लागायचे. त्यांना उठता येत नव्हतं. आणि ते आम्हाला कळू नये म्हणून ते घासत बसले होते. मी दाराकडे धावले, तर आईने माझा दंड पकडला. एवढी ताकद तिच्या हातात असेल असं मला वाटलं नव्हतं. "तू नको जाऊ," ती म्हणाली. "तुझ्यासमोर नाही."

तेवढ्यात जिन्यावरून ग्रेवाल अंकल खाली आले. वरून त्यांनी सगळं पाहिलं असणार. पण ते सरळ बाबांकडे गेलेच नाहीत. आधी फाटकाची कडी पाहिली, कुंडीतलं पान खुडलं, मग हळूच बाबांच्या शेजारी कण्हत कण्हत खाली बसले आणि म्हणाले, "लो जी, बैठ तां गया. हुण मेरे गोडे जवाब दे गए. डॉक्टर साब, इक-दूजे नूं फड़ के उठिए?" म्हणजे स्वतःच्याच गुडघ्यांना दोष देऊन त्या माणसाने बाबांना मिठीत धरलं आणि उठवलं. बाबांनी त्यांना घट्ट धरलं होतं. दोघं अंगणात तसेच जरा वेळ उभे राहिले. अंकल मोठ्याने म्हणाले, "थैंक्यू, डॉक्टर साब." बाबा आत आले, हात धुतले आणि ताटावर बसले. आईने वाढलं. पुरण त्या दिवशी उत्तम झालं होतं, आणि ते कुणालाही गिळवेना.

दसऱ्याला सकाळी आईने गाडीला झेंडूचा हार घातला, कुंकवाचं बोट लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्याकडे घराच्या कर्त्या माणसाने गाडी लिंबांवरून पुढे न्यायची असते. बाबा नवा शर्ट घालून गाडीत बसले. दार लावलं. आई ओवाळणीचं ताट घेऊन बाजूला उभी होती आणि मी फाटक उघडून धरलं होतं. बाहेर रस्त्यावर पोरं खेळत होती. समोरच्या मैदानात रावण उभा झाला होता ना, तिकडे सगळ्यांची धावपळ. बाबांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. ते त्या पोरांकडे बघत होते. आईच्या ताटातलं निरांजन वाऱ्याने विझलं, तिने ते पुन्हा लावलं. मग बाबांनी दार उघडलं, दोन्ही हातांनी पाय एकेक करून बाहेर ठेवले आणि या वेळी ते लपवलं नाही. "मंजू," ते म्हणाले, "तू घे."

मी बसले. ते दुसऱ्या बाजूने, आईचा खांदा धरून, माझ्या डावीकडे येऊन बसले. लिंबं फुटल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी सवयीने सांगितलं, "पाय काढ ब्रेकवरून," आणि लगेच खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

पुढे तपासण्या झाल्या, त्यांच्याच संस्थेत, त्यांच्याच विद्यार्थ्यांनी केल्या. दुखणं एका नसेचं नव्हतं. एकेक करून सगळ्याच हात सोडणार होत्या, आणि ते बाबांनी आमच्या कितीतरी आधी ओळखलेलं होतं. त्यानंतरचा दसरा त्यांनी व्हरांड्यातल्या खुर्चीतून पाहिला. त्याच्या पुढचा नाही. शेवटी शेवटी तर त्यांना घासही गिळता येईना. त्या दिवसांबद्दल लिहायचं माझ्या मनात नाही. मी लिहीन म्हटलं तरी हात चालत नाही.

मला लिहायचं होतं ते दसऱ्यानंतरच्या रविवाराबद्दल. आठवडाभर गाडी मीच चालवली होती, बाबांना संस्थेत सोडलं-आणलं होतं, बाजारहाट केला होता. सकाळी मी पाट घेऊन पुढच्या चाकांशी बसले. साबणाचं पाणी लावलं, थांबले, ब्रश घेतला. घासण्यासारखं काही नव्हतंच. फडकं फिरवलं तर जराशी राखाडी धूळ आली, एवढंच. आईचे ओरखडे तेवढे उन्हात स्पष्ट दिसत होते. बाबा खुर्चीत होते, मांडीवर वर्तमानपत्र.

"किती निघालं?" त्यांनी विचारलं.

मी बादली उचलून त्यांच्यासमोर नेली. मी दुसरं काय करणार होते? पाण्यात खालचा तळ दिसत होता. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. खिशातला रुमाल काढायला गेले, तो निघेना, म्हणून तसाच हात ठेवून दिला.

"उगाच बोललो मी त्या बिट्टूला," ते म्हणाले. "पॅड चांगले होते. जाऊन सांग त्याला."

सोमवारी मी गेले. बिट्टू एका गाडीखाली होता, बाहेर येऊन हात पुसत उभा राहिला. मी त्याला निरोप सांगितला, पॅड चांगले होते म्हणून. त्याचं तोंड एकदम खुललं. "मैंने तो पहले ही कहा था जी," तो म्हणाला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गाडीकडे, तिच्या ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेकडे बघत विचारलं, "डॉक्टर साब खुद नहीं आए?"

"गाडी आता मी चालवते," मी म्हटलं, आणि ते मराठीत म्हटलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.